फोन घेतला, पण ते खातं अजून चालूच आहे

"माझी मुलगी दहावीत आहे, वय १५. गावातून रोज तालुक्याच्या शाळेत जाते. इन्स्टाग्रामवर मैत्रिणींसोबत रील टाकत होती. त्यात वाईट काही नव्हतं, शाळेच्या ड्रेसवर बस स्टँडवर उभं राहून गाण्यावर ओठ हलवलेले, एवढंच. बारा दिवसांआधी कोणीतरी तिचा डीपीचा फोटो घेऊन तिच्याच नावानं दुसरं खातं काढलं आणि त्याच्यावरून तिच्या मैत्रिणींना, वर्गातल्या पोरांना मेसेज केले. तिनं घरी सांगितलंच नाही. हे पानठेल्यावरून ऐकून आले आणि फोन काढून घेतला. सासरे म्हणतात, विहिरीत टाका तो फोन, पोरीच्या जातीला काय करायचा. हे म्हणतात, दहावी होऊ दे, मग पाहू, ऑस्ट्रेलियात तर सोळाच्या आतल्या पोरांना बंदीच आहे. माझा भाऊ पुण्याला असतो, तो म्हणते, ताई, जमाना बदलला, या पोरांना आपल्यापेक्षा जास्त समजते, तू मधात पडू नको. मुलगा २० वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. त्याचा फोन दिवसभर हातात असतो, पण त्याचं काही नाही. पोरगी धड जेवत नाही, बोलत नाही. कोणाचं खरं मानावं, समजून नाही रायलं."
एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

ताई,

कोणाचं खरं, ते नंतर पाहू. आधी आजच करायचं एक काम आहे. मुलीचा फोन तुमच्या कपाटात बंद आहे, पण ते खोटं खातं अजून चालू आहे. फरक इतकाच झाला की आता ते तिच्या मैत्रिणींना दिसतं, वर्गातल्या पोरांना दिसतं, फक्त तिलाच दिसत नाही. जेवण उतरत नाही याचं निम्मं कारण तिथंच असेल.

फोन बाहेर काढा आणि तिला शेजारी बसवून ते खातं उघडायला सांगा. रिपोर्ट लगेच करू नका, पुरावा आधी घ्या. खातं एकदा निघून गेलं की तुमच्या हाती काही उरत नाही. त्या प्रोफाईलचा पूर्ण स्क्रीनशॉट काढा. वर बारीक अक्षरांत जे युजरनेम असतं ते त्यात दिसलंच पाहिजे, कारण मोठ्या अक्षरांतलं नाव कोणीही कधीही बदलतो. मग कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबून प्रोफाईलची लिंक कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवा. ज्या मैत्रिणींना मेसेज आले त्यांना ते डिलीट न करता स्क्रीनशॉट पाठवायला सांगा, तारीख-वेळ दिसेल असे. हे सगळं एका वहीत उतरवा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाला, काय मेसेज आला. पोलिसांना कंपनीकडून माहिती मागवायची असेल तर युजरनेम आणि लिंक लागते. "गावातलाच कोणीतरी आहे" एवढ्यावर त्यांचं काम पुढं सरकत नाही.

तोवर तिच्या भावाला किंवा त्याच्या मित्रांना त्या खात्यावर शिवीगाळ करू देऊ नका. समोरचा सावध होतो, नाव बदलतो, मेसेज पुसतो.

पुरावा झाला की तिच्या खऱ्या खात्यावरून रिपोर्ट करा. पुन्हा तीच तीन टिंबं, रिपोर्ट, आणि कारणांच्या यादीत दुसऱ्याचं सोंग घेतल्याचा पर्याय निवडून त्यात 'मी स्वतः' असं सांगायचं. गावातल्या पन्नास जणांकडून रिपोर्ट मारून घेतला की खातं लवकर जातं, हा समज खोटा आहे. रिपोर्टच्या आकड्यावर ते ठरत नाही, आणि पन्नास जणांना सांगण्यात ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही माहीत होतं. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे, दुसऱ्याचं सोंग घेतलेल्या मजकुराबद्दल त्या व्यक्तीनं किंवा तिच्या वतीनं कोणी तक्रार केली तर कंपनीनं फार तर दोन तासांत त्यावर कारवाई करायची असते (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तासांची होती). नाही केली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं. तिथूनही दाद मिळाली नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाईन अपील करता येतं.

सरकारी तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर करायची. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तुमच्या कामाचा विभाग पोर्टलवर महिला व बालकांचा. खोट्या खात्यांच्या प्रकरणांत आयटी कायद्याची ६६-सी आणि ६६-डी ही कलमं लावली जातात, दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या मेसेजमध्ये घाण काही असेल, फोटो मागितले असतील किंवा धमकी असेल, तर वहीसकट ठाण्यात जा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात, गुन्हा कुठंही घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवायची सोय लिहिलेली आहे. पोरीला ठाण्यात बसावं लागेल या भीतीनं गावाकडची माणसं इथंच थांबतात. पण प्रकरण पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, बसत असेल तर मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि तेही वर्दी न घालता घ्यायचा, असं त्या कायद्याचं २४ वं कलम सांगतं. तिचं नाव, शाळा, गाव छापणंही गुन्हा आहे.

समजा, फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. ॲडमिनला दम देऊ नका. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्यानं काही टाकलं म्हणून, दोघांचं आधीच संगनमत असल्याशिवाय, ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. पण दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायचं बटण त्याच्या हातात आहे. विनंती केली तर कामच होईल.

आणि पुढं कधी कोणी तिचा चेहरा लावून नागडा फोटो बनवला, किंवा बनवायची धमकी दिली, तर पैसे द्यायचे नाहीत, दुसरा फोटो पाठवायचा नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे. फोटो फोनमधून कुठंच पाठवावा लागत नाही, त्याचा फक्त एक आकडी ठसा तयार होतो आणि त्यावरून त्यात सामील असलेल्या कंपन्या तो फोटो ओळखून काढतात. मुलगी फार घाबरली तर १०९८ या चाइल्डलाइनवर ती स्वतः बोलू शकते, रात्री-बेरात्रीही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर आम्ही सगळ्यात जास्त थांबलो, ते: "तिनं घरी सांगितलंच नाही." वर्गाला माहीत होतं, पानठेल्याला माहीत होतं, आईला नाही. का, हे फोन काढून घेतला त्या दिवशी तिला परत एकदा पटलं. सांगितलं तर फोन जाणार आणि बोलणीही आपणच खाणार, हे तिला आधीच ठाऊक होतं. अशा प्रकरणांत समोरच्याकडे बहुतेक वेळा फोटोसुद्धा धड नसतो. त्याच्याकडे एकच वाक्य असतं, "घरी सांगू का?" ते वाक्य ज्या घरात चालत नाही, त्या घरातल्या मुलीला धमकावणं अवघड आहे. म्हणून इतर कोणतीही सेटिंग करायच्या आधी तिला एवढं सांगा, आणि यजमानांच्या देखत सांगा: "बाई, यात तुही काही चूक नाही. पुढं काही झालं तं पहिले मले सांगजो. सांगितलं म्हणून फोन नाही घेणार." हा शब्द एकदा जरी मोडला, तर पुढचं सगळं पाण्यात.

सासऱ्यांचं म्हणणं उडवून लावू नका. अनोळखी नजरेचा धोका त्यांना बरोबर कळला आहे, उपाय तेवढा चुकला. त्यांना आणि मुलीला एकत्र बसवून ती बस स्टँडची रील परत पाहा, पण गाण्याचा आवाज बंद करून. पोरींकडे पाहूच नका, बाकीचं पाहा. अशा रीलमध्ये साधारण असं दिसतं: ड्रेसच्या खिशावर शाळेचं नाव विणलेलं आहे. मागं मानव विकासची निळी बस उभी आहे, तिच्या पाटीवर मार्ग आहे. सावल्या लांब पडल्यात, म्हणजे शाळा सुटल्यानंतरची वेळ. खाली मैत्रिणीची कमेंट असेल, "उद्या ७ ला ट्यूशनला लवकर ये". वर प्रोफाईलमध्ये 'दहावी ब' आणि गावाचं नाव. पंधरा सेकंदांत अनोळखी माणसाला शाळा, वर्ग, बस, सकाळची वेळ आणि मैत्रिणीचं नाव मिळालं. रीलमध्ये वाईट काही नाही, तुम्ही लिहिता ते खरंच आहे. फक्त त्यात पूर्ण पत्ता आहे. "ओढणी नीट घे" असं सांगण्यापेक्षा "मागची पाटी पाहून घे" असं सांगितलं तर पोरगी ऐकते, कारण त्यात तिला अपमान वाटत नाही.

अशा जुन्या रील्स डिलीट करायला सांगू नका, ती रडेल. 'आर्काइव्ह' करायला सांगा: लोकांना दिसत नाहीत, तिच्याकडे मात्र लाईकसकट राहतात. मग खातं प्रायव्हेट करा. इथं बहुतेक जण थांबतात आणि तिथंच फसतात. प्रायव्हेट केल्यानं जुने फॉलोअर निघून जात नाहीत. चारशे असतील तर चारशेच्या चारशे आत राहतात. ती यादी एका रविवारी दोघींनी बसून चाळा. कसोटी सोपी ठेवा: या माणसाला समोरासमोर ओळखतेस का? नाही, तर 'रिमूव्ह'. त्याला कळत नाही, भांडण होत नाही. दुसरी फट म्हणजे डीपी. खातं प्रायव्हेट असलं तरी डीपी सगळ्यांना दिसतो, आणि चोरी झाली ती त्याचीच. तिथं चेहरा नको, रांगोळी लावा, पोळ्याचा सजवलेला बैल लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर सेटिंग्ज, प्रायव्हसी, प्रोफाईल फोटो असं जाऊन 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा आणि त्याच पानावर 'ग्रुप्स'लाही तेच करा, म्हणजे अनोळखी कोणी तिला भलत्याच ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही.

नंबरचंही पाहा. शाळेच्या किंवा ट्यूशनच्या ग्रुपमध्ये तिचा नंबर टाकला की तो ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतो. तिथं तुमचा नंबर द्या. रिचार्ज दुकानात जाऊन नंबर मोठ्यानं सांगून करण्यापेक्षा घरूनच यूपीआयनं करा. आणि घरच्या माणसांचं काय? सत्काराच्या दिवशी नाव, शाळा, टक्के लिहिलेला पोरीचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकतात ते आजोबाच असतात, वाढदिवसाचं बॅनर स्टेटसला ठेवतात ते बाबा. त्याला कोणी घरात आक्षेप घेत नाही.

एक बारीक गोष्ट, जी जवळपास प्रत्येक घरात चुकलेली सापडते. तिच्या खात्यातलं जन्मवर्ष पाहा. इन्स्टाग्रामला १३ वर्षं पूर्ण लागतात. पोरं सहावी-सातवीत खातं काढतात, म्हणून वर्ष २०००, २००२ असं काहीतरी टाकतात. म्हणजे कंपनीच्या दृष्टीनं तुमची मुलगी आज पंचविशीची बाई आहे. २०२५ पासून भारतातही अठराच्या आतल्यांना 'टीन अकाउंट' लागू केलंय: खातं आपोआप प्रायव्हेट, मेसेज फक्त ओळखीच्यांचे, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, दिवसाचा तास झाला की आठवण. सोळाच्या आतल्यांना यातलं काही सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. हे सगळं खऱ्या वयावर चालतं. खोट्या वर्षामुळं तिला यातलं काहीच मिळत नाही, उलट जाहिराती आणि अनोळखी मेसेज मोठ्या माणसांसारखे येतात. अकाउंट्स सेंटर, वैयक्तिक माहिती, जन्मतारीख असं जाऊन ते खरं करा. एखाद वेळी ओळखपत्र मागतील. ही तारीख पुन्हा पुन्हा बदलू देत नाहीत, म्हणून एकदाच, नीट पाहून टाका.

यजमानांच्या मुद्द्याकडे येऊ. ऑस्ट्रेलियाचं ते म्हणतात ते बरोबर आहे, १० डिसेंबर २०२५ पासून तिथं सोळाच्या आतल्यांना इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या साईट्सवर खातं ठेवता येत नाही. पण तिथं जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय, दंड कंपनीला आहे, पोराला किंवा आईबापाला नाही. आपल्याकडे तशी बंदी नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी, असं तत्त्व आहे. अभ्यासाचं नुकसान, डोक्यावर परिणाम, याबद्दल जाणकारांतही दोन तट आहेत. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य आरोग्य सल्लागार, विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये सावधानतेचा इशारा दिला: दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त वेळ सोशल मीडियावर असणाऱ्या मुलांत उदासी, घबराट अशा लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो. त्याआधी २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की या ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरांची माहिती तपासली, तर पोरांच्या मनःस्थितीतल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध एकूण स्क्रीनच्या वापराशी लागला. दोन्ही बाजू ऐकून आम्हाला वाटतं ते असं: किती तास यापेक्षा कोणते तास, हे तुमच्या घरात जास्त महत्त्वाचं आहे.

कारण रात्र. सध्या गहू-हरभऱ्याला ओलित चालू आहे, वावरातली लाईन रात्रपाळीची. बाप मोटर चालू करायला गेला, आई दिवसभर कापूस वेचून थकून झोपली, आणि पोरं गोधडीत फोन घेऊन. त्यात रोजच्या डेटाचा एक घोळ आहे. दीड किंवा दोन जीबीचं पॅक रात्री १२ ला संपतं आणि उरलेला डेटा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. शाळेत दिवसभर फोन नाही, म्हणून रात्री दहाला पॅक जवळपास भरलेलं असतं, आणि "वाया कायले जाऊ द्या" म्हणून बारापर्यंत रील्स. पोराला आळशी म्हणायच्या आधी हे गणित पाहा. रोजच्या डेटाऐवजी पूर्ण मुदतीसाठी एकदम डेटा देणारी पॅकही असतात, रिचार्ज करताना ते पाहून घ्या. उरलं तर उद्या राहतं, घाई राहत नाही.

या वयाला ८ ते १० तास झोप लागते. सकाळी ७ ची ट्यूशन, म्हणजे साडेपाचला उठणं, म्हणजे साडेनऊला झोप. मग फोन ९ ला समोरच्या खोलीत, चार्जिंगला. पोरगी म्हणेल, अलार्म लागतो. हे कारण खरं असतं आणि बहाणाही असतो, म्हणून त्याचा निकाल लावून टाका. बाजाराच्या दिवशी एक अलार्मचं घड्याळ आणा. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आहे. फोन पूर्ण बंद करायचा हट्ट यजमानांनी धरला तरी प्रवेशाचे फॉर्म, ओटीपी, शाळेचे निरोप फोनवरच येणार. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाईन आहेत, तेव्हा जूनमध्ये तो परत काढावाच लागेल.

टायमर लावून भागेल असंही समजू नका. इन्स्टाग्रामवर मर्यादा घातली की पोरं तेच क्रोममध्ये उघडतात. ते बंद केलं की यूट्यूबच्या शॉर्ट्स आहेत. काही फोनमध्ये एकाच ॲपची दोन रूपं चालवायची सोय असते, त्यात दुसरं खातं निघतं. ज्यानं लावला त्यालाच टायमर काढताही येतो. म्हणून आधी आकडा पाहा. सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, त्यात प्रत्येक ॲपचे तास-मिनिटं आणि दिवसाला किती वेळा फोन उघडला ते दिसतं. घरातल्या प्रत्येकानं आधी आपला अंदाज कागदावर लिहायचा आणि मग आपापला आकडा उघडायचा. प्रत्येकानं म्हणजे यजमानांनीही. कापसाचे भाव पाहता पाहता किती वेळ गेला ते त्यांनाही दिसू द्या.

तुमच्या पुण्याच्या भावाचं म्हणणं अर्धं बरोबर. पोरांना बोटं चालवता येतात म्हणजे कुलूप लावता येतं असं नाही. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो सोशल मीडियासाठी वापरला, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. पुढचे आकडे भावाला पाठवा: सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी प्रोफाईल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत होतं, प्रायव्हेट कसं करायचं ते ५५.२ टक्क्यांना. म्हणजे शंभरातल्या पंचेचाळीस जणांना दाराची कडीच सापडत नव्हती. भावाला म्हणा, मधात मी पडते, तू फक्त व्हिडिओ कॉलवर बसून ती फॉलोअरची यादी चाळायला मदत कर.

राहिला मुलगा. पत्रात त्याच्यावर दोनच वाक्यं आहेत, आणि तुमच्या घरातला मोठा धोका आम्हाला तिथं दिसतो. मुलीच्या खात्यानं अब्रूची भीती वाटते म्हणून सगळे तिच्याभोवती. वीस वर्षांचं पोरगं, नोकरी नाही, भरतीची घाई, हातात दिवसभर टेलिग्राम: पैशांचे फसवणारे असाच माणूस शोधत असतात. "लेखीचा पेपर आहे, आधी पैसे टाक" असे ग्रुप भरतीच्या हंगामात निघतात. "घरबसल्या लाईक करा, पैसे कमवा" यात पहिल्यांदा दीड-दोनशे रुपये खरंच येतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात आणि दार बंद होतं. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद झालेत, त्यांची जाहिरातही बेकायदा आहे. तरी कोणी लिंक पाठवत असेल तर ती सरळ चोरवाट समजा. सगळ्यात वाईट म्हणजे खातं भाड्यानं देणं. "तुझं पासबुक-एटीएम दे, महिन्याला कमिशन घे." त्यातून दुसऱ्यांच्या फसवणुकीचा पैसा फिरतो. चौकशी तुमच्या दारात येते आणि खातं गोठवलं जातं. तेच खातं पीएम किसान, नमो शेतकरीचे हप्ते येणारं असेल तर तेही अडकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावानं येणारी, शेवटी 'एपीके' लिहिलेली फाईल घरातल्या कोणीच उघडायची नाही. तिच्यातून फोनचे मेसेज, ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० लावायचा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येते, उशीर झाला की ती हाताला लागत नाही. आणि त्यालाही तोच शब्द द्या जो मुलीला दिला, नाहीतर तोही पानठेल्यालाच आधी सांगेल.

शेवटचं काम तुमचं. तुमच्या फोनवर इन्स्टाग्राम टाका. टीन अकाउंटला पालकाचं खातं जोडता येतं. जोडलं की ती दिवसाला किती वेळ होती आणि गेल्या सात दिवसांत कोणाकोणाशी तिचं बोलणं झालं, हे तुम्हाला दिसतं. काय बोलली ते दिसत नाही, आणि ते दिसू नये हेच बरं. हे जोडणं तिनं मान्य केल्याशिवाय होत नाही, म्हणून जन्मवर्ष दुरुस्त झालं की त्याच बैठकीत करून घ्या. तुमचं खातं उघडायला दुसऱ्या कोणाला बोलावू नका, तिलाच शेजारी बसवा. पासवर्ड कसा ठेवायचा, अनोळखी रिक्वेस्ट कशी नाकारायची, हे ती तुम्हाला दाखवेल, दोन-तीनदा चिडेल, मग हसेल. डीपीला तुमचाही चेहरा नको. अंगणातल्या तुळशीचा फोटो पुरे.